उंबऱ्यावर अडलेलं आवतण

लंके,

आज घरी सगळ्यांआधी कोण आलं ठाऊक? शेजारची भागू, चहाच्या वासावर! मागून माझी नात साधना, तिच्या लॅबच्या बाईंना घेऊन. लई शिकली गं पोर!

साधना म्हणाली, "आजी, पेशीत निरोप्या आत जात नाही. उंबऱ्यावरचं प्रोटीन निरोप घेतं नि आत पोचवतं. ते गप्प बसलं, तर आत कुणाला कळतच नाही."

मी हसले, "आवतणावानीच की!" मग हसूच येईना.

तुझ्या भाच्याच्या लग्नाचं आवतण मीच घेतलं व्हतं गं. तुझ्याबिगर खळ्यावर भात झोडायला करमायचं न्हाई, म्हणून तुला सांगितलंच न्हाई. तू मात्र भावानं बोलावलंच न्हाई समजून त्याच्याशी बोलणं टाकलंस.

हा कागद टपालात टाकत न्हाई. साधनाच्या गाडीतून तुझ्याकडं येते नि तोंडानंच सांगते. मग तू, मी नि साधना, तिघी बोरी गावाला, तुझ्या भावाच्या दारी.

तुझी थोरली जाऊ,
चिमाबाई, मढ

साधना आईतवारी परत येते म्हणालीय, तवाच निघते.