पश्चिमेला आठ अंश

११ मार्च, मंगळवार

सकाळी केस कापून आलो. दुपारी ग्रंथालयात गेलो. बायकोच्या कार्डावरची तीन पुस्तकं दहा महिने घरात पडून होती, ती परत केली. ग्रंथपालबाईंनी शिक्के मारले. मी निघालो तशा म्हणाल्या, "एकवीस तारखेचं लक्षात आहे ना? शुक्र आणि गुरूची युती. बाईंनी गेल्या वर्षीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दुर्बिणीतून दाखवू म्हणून. लोक विचारतात हो."

मी "हो" म्हटलं.

घरी येऊन चहा ठेवला तेव्हा कळलं, काय बोलून बसलो ते!

१२ मार्च, बुधवार

दुर्बिणीवरची चादर काढली. तिच्या आतल्या आरशावर धूळ होती. फुंकर मारली, पुसलं नाही.

पंधरा वर्षं आम्ही दोघं लोकांना आकाश दाखवत होतो. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे बोलणं तिच्याकडे. माझ्याकडे नळी ढकलणं. पृथ्वी फिरते, त्यामुळे ग्रह अर्ध्या मिनिटात दुर्बिणीतून निसटतो. तो पुन्हा मध्यावर आणायचा, मग रांगेतला पुढचा माणूस. रांगेतल्या लोकांनी माझी फक्त पाठ पाहिलेली. एकदा कुणीतरी तिला विचारलं, "हे तुमचे मदतनीस का?" ती म्हणाली, "छे, ही मोटार आहे. बोलत नाही, पण बंदही पडत नाही." हे ती नंतर सगळीकडे सांगायची. मला राग यायचा नाही.

आता मोटार शिल्लक आहे. बोलणारं माणूस नाही.

१३ मार्च, गुरुवार

कपाटाच्या आरशासमोर उभं राहून भाषण करून पाहिलं. "नमस्कार" झालं. दुसऱ्यांदाही "नमस्कार"च झालं.

रात्री मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही बोलणार? लोकांसमोर? फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही!"

"हं," म्हटलं.

ती हसली. तिचं हसू फार दिवसांनी ऐकलं.

१४ मार्च, शुक्रवार

पंचाईत झाली आहे.

कार्यक्रम ग्रंथालयाच्या आवारात व्हायचा, तिथे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावलं. मोजणी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा ते भंगारात निघालं होतं, मी मागून घेतलं. समोर नवी इमारत झाली आहे. तिचा माथा क्षितिजापासून चौदा अंश वर. एकवीसला सूर्य बुडून ग्रह दिसू लागतील तेव्हा ते जेमतेम आठ अंशांवर असतील. म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या मागे!

तीनदा रीडिंग घेतलं. चौदा ते चौदाच. वॉचमन म्हणाला, "काका, इमारत पाडायची आहे का?"

१५ मार्च, शनिवार

दिवसभर हिंडलो. आमची गच्ची — दहा अंश, मध्ये झाड. शाळेचं मैदान — बारा. पुलावर क्षितिज मोकळं आहे, पण ट्रक गेला की यंत्राच्या पाणसळीतला बुडबुडा नाचतो. संध्याकाळी टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि जिथून पश्चिमेला काहीही आड येत नाही अशी जागा शोधली.

एकच निघाली. हॉस्पिटलची गच्ची. पाच मजले, शहराची शेवटची इमारत, पुढे नुसतं माळरान.

त्या रस्त्याने मी दहा महिन्यांत गेलेलो नाही. भाजी आणायलासुद्धा मागच्या गल्लीने वळसा घालतो. चौथा मजला, खाट नंबर अकरा. तिचे शेवटचे तेवीस दिवस.

नकाशाची घडी घातली.

१६ मार्च, रविवार

ग्रंथपालबाईंना सांगायचं ठरवलं — जागा मिळत नाही, रद्द करा. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. चपला घातल्या. पुन्हा काढल्या.

१७ मार्च, सोमवार

गेलो.

लिफ्ट चौथ्यावर थांबते म्हणून जिन्याने चढलो. चौथ्यावर थांबलो नाही. तिसऱ्यावर मात्र बराच वेळ थांबलो. खाली उतरणारा एक जण म्हणाला, "दम लागला का काका?" मी मान हलवली.

मेट्रनबाईंची खोली पाचव्यावर. त्यांनी ओळखलं. "अकरा नंबर," म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. मी गच्ची मागितली. कशासाठी, ते सांगायला मला इतका वेळ लागला की त्यांनी मधेच पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बाहेरची माणसं वर येऊन ग्रह बघणार, आणि माझे पेशंट खाली छत बघत पडणार? ते नाही चालायचं. आधी माझे, मग तुमचे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गच्चीवर चादरी वाळत होत्या, नेमक्या पश्चिमेकडे. धुलाईच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "चादरी काढायच्या? कोण म्हणतं?"

"मेट्रनबाई."

"मग त्यांनाच पाठवा काढायला!" मग जरा मऊ होऊन, "दिसणार काय पण?"

"दोन ग्रह अगदी जवळ आलेले दिसतील."

"चिकटणार?"

"नाही. खरं तर एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर लांब आहेत. इथून जवळ दिसतात इतकंच."

"माझ्या दोन सुनांसारखं," मावशी म्हणाल्या. "बघणाऱ्याला वाटतं, काय गूळपीठ आहे!"

क्षितिज मोजलं. एक अंश. नोकरीत इतकं स्वच्छ क्षितिज क्वचितच मिळालं.

उतरतानाही जिन्यानेच आलो.

१९ मार्च, बुधवार

एक चांगली गोष्ट सापडली. ग्रह इतके खाली असले की दुर्बीण जवळजवळ आडवी होते, आणि डोळा लावायची जागा बसलेल्या माणसाच्या उंचीला येते. खुर्चीत बसून तपासलं. व्हीलचेअरवरच्या माणसाला उठावं लागणार नाही! आठ अंशांचं मी इतके दिवस वाईटच वाटून घेत होतो.

भाषण अजून "नमस्कार"पर्यंतच.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर ढग. काही करता येण्यासारखं नाही, तरी सात वेळा बाहेर जाऊन पाहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहितो, नाहीतर विसरेन.

दुपारी चारला आभाळ उघडलं. टेम्पोवाल्याने दुर्बीण हॉस्पिटलच्या दारात उतरवली. नळी जिन्यात वळत नाही, तेव्हा लिफ्टशिवाय इलाज नव्हता. तीन खेपा झाल्या — नळी, बैठक, पेटी. तिन्ही वेळा लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडलं की तोच कॉरिडॉर, तोच फिनेलचा वास, आणि कडेच्या दारातून दिसणारी अकरा नंबरची खाट. तिच्यावर एक बाई संत्रं सोलत बसल्या होत्या. पहिल्या खेपेला मी खाली फरशीकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला अर्धं संत्रं संपलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "तुम्हीच का ते दुर्बीणवाले? आमचा नंबर कधी?"

"पहिला," म्हटलं.

सूर्य सहा अडतीसला बुडाला. मावशींनी चादरी आधीच काढून ठेवल्या होत्या. वर जवळजवळ तीस पेशंट, दहा-बारा व्हीलचेअर, नर्स, आणि ग्रंथपालबाईंच्या मागून आलेली पन्नासेक माणसं. सगळे मी बोलायची वाट पाहत होते. मी "नमस्कार" म्हटलं आणि दुर्बिणीकडे वळलो. पाठ केली की बरं वाटतं.

सहा शेहेचाळीसला ग्रह सापडले. मी एकेकाला नुसतं "पहा" म्हणत होतो. सात-आठ जण झाले असतील, तेवढ्यात रांगेत कुजबुज सुरू झाली. एक तरुण नर्स म्हणाली, "नुसत्या डोळ्यांनी ठळक आहे तो डावीकडे दिसतो. यात उजवीकडे आहे! आणि वरचा खाली."

"आत चित्र चिकटवलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"मग मी चादरी काढल्या त्या काय चित्रासाठी?" — मावशी.

माझी पाचावर धारण बसली. दुर्बीण सगळं उलटं दाखवते. तिचं पहिलं वाक्य नेहमी तेच असायचं, पंधरा वर्षं. आणि माझ्या हे लक्षातच राहिलं नव्हतं, कारण चौतीस वर्षं मी मोजणीच्या जुन्या यंत्रांतून माणसं, खांब, झाडं सगळं उलटंच पाहिलं. मला उलटं दिसलं की सुलटंच वाटतं.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी नळी वळवून लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरली आणि त्या नर्सला पाहायला सांगितलं. "अय्या, टाकी खाली डोकं वर पाय!"

मग मी लोकांकडे तोंड केलं आणि वर लिहिलं आहे ते जसंच्या तसं सांगितलं. आरसा, उलटं चित्र, मोजणी खातं, चौतीस वर्षं. म्हटलं, "आमच्या साहेबांच्या टोपीचा रंग मला माहीत होता, पण यंत्रातून ती कायम त्यांच्या पायाखाली." लोक हसले. एवढ्या लोकांना मी कधी हसवलं होतं, आठवत नाही. त्यानंतर प्रश्न सुरू झाले आणि मी उत्तरं देत गेलो. ठळक तो शुक्र. पट्टे आहेत तो गुरू. त्याच्या शेजारचे बारीक ठिपके म्हणजे त्याचे चंद्र. एकीकडे हात नळी ढकलत होते, एकीकडे तोंड चालू होतं. दोन्ही एकाच वेळी जमतं, हे मला माहीत नव्हतं.

पहिला नंबर होऊनही अकरा नंबरच्या बाई पुन्हा आल्या, आणि डोळा लावला तो काढेचनात. मागून कुणी म्हणालं, "उठा आजी, रांग आहे."

"उठता येत असतं तर इथं आले असते का!" मग मला म्हणाल्या, "अहो, पळालं हो!"

मी पुन्हा मध्यावर आणलं. "पृथ्वी फिरते ना आजी, म्हणून सरकतं."

"फिरते खरी," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे छताकडे बघतेय, ते मेलं कधी हललं नाही."

शेवटी रांग संपली तेव्हा मी पहिल्यांदाच मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मला एकच ठिपका दिसला. चष्मा पुसला, तरी एकच. "दोन आहेत की काका," मावशी म्हणाल्या, "मला दिसतात, तुम्हाला कसे दिसत नाहीत? डोळे दाखवून घ्या."

सात पंचवीसला ग्रह धुरकट पट्ट्यात शिरले. मेट्रनबाईंनी मोजलं होतं — ब्याऐंशी माणसं. ग्रंथपालबाई नळी धरायला आल्या. म्हणाल्या, "बाई असत्या तर..."

"ती असती तर उलटं दिसतं हे आधी सांगितलं असतं," मी म्हटलं.

दोघंही हसलो. मग त्यांनी डोळे पुसले. मी पेटी बंद केली.

२२ मार्च, शनिवार

खांदे दुखतात. घसाही बसला आहे — माझा!

२४ मार्च, सोमवार

हॉस्पिटलवरूनच भाजी आणली. तो रस्ता खरंच जवळचा आहे.

दारात मेट्रनबाई भेटल्या. "पुढच्या महिन्यात चंद्र दाखवा. वॉर्डात सगळे तेच विचारतात." हो म्हटलं. या वेळी कळून म्हटलं. मग त्यांनी सुनावलं, "मावशी सांगत होत्या, दाखवणाऱ्यालाच दिसत नाही म्हणून. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे. गुरुवारी या, मी नाव घालते."

२७ मार्च, गुरुवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षांचा तरी असेल, डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस जाणवलं नाही? रंग फिकट, दिव्यांभोवती धुकं, सगळं मळकट दिसत असणार."

जाणवलं होतं. मला वाटलं, ती गेल्यामुळे.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. तोवर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या, म्हणाले. संध्याकाळी आरशासमोर मान मागे टाकून उभा राहिलो. पहिले दोन थेंब गालावर गेले. तिसरा आत पडला. डोळा मिटून शंभर मोजले. मग दुसरा डोळा.