स्कार्फची गाठ

सर, तुम्ही असता तर चित्र घेऊन सरळ पडेगावला आलो असतो आणि तुम्ही आधी चहा पाजला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. म्हणून आता लिहितोय, पाठवायचं कुठंच नाय. मधल्या काळात मी चित्रकलेच्या कॉलेजात गेलो आणि अर्ध्यातून बाहेर पडलो. दुसऱ्या वर्षाला वर्गातच मास्तरांशी वाजलं, डोकं सटकलं, परत गेलो नाय. सध्या चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. सुट्टीच्या दिवशी रंगवतो. स्थिरचित्रंच, पडेगावला तुमच्या पत्र्याच्या शेडमधल्या चित्रकलेच्या क्लासात लागलेली सवय.

तिथली एक दुपार अजून जशीच्या तशी आहे. स्टुलावर तुम्ही तांब्या आणि वांगी मांडलीत. मी सकाळपासून वांग्याच्या देठावरचे काटे एकेक करून कागदावर काढतोय. तुम्ही मागं येऊन उभे राहता. "काटे लई टोचायलेत. वांगं कुठंय पण?" पोरं हसतात, माझं डोकं तापतं. तेवढ्यात तुम्ही चादर आणून सगळ्या मांडणीवर टाकता. शेवटचा तास आठवणीवर रंगवायचा, हा तुमचा नियम. "सर, झालं नाय माझं." "बघून झालं ना? मग रंगव." मी ब्रश फेकून बाहेर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुम्ही कपबशी घेऊन आलात. "चिडून झालं असंल तर ये. वांगं खोळंबलंय." शेजारच्यानं नुसते जांभळे फटकारे मारले होते, त्यालाही तुम्ही सोडलं नाय. "भावना पोचल्या बाबा. देठ कुठं ठेवलास?" मग आम्हा दोघांना म्हणालात, एकच जागा निवडा, तिथं डोळे दुखेस्तोवर बघा, बाकीचं मोजत बसू नका. मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

आता एक मुलगी आहे. होती म्हणावं का, कळत नाय. मागच्या महिन्यात माझ्या खोलीवर आमचं भांडण झालं. आवाज माझाच चढला होता. ती तशीच स्कूटीवर बसून भर उन्हात गेली आणि तोंडाला बांधायचा स्कार्फ खुर्चीवर राहिला. मी तो हलवला नाय, रंगवायला घेतला. वाटलं, इतका हुबेहूब काढायचा की बघून ती थांबलीच पाहिजे. बारीक ब्रशनं एकेक फूल काढलं, फुलातली पाकळी काढली. गेल्या रविवारी ती स्कार्फ न्यायला आली. दारातूनच चित्र बघितलं. "अगदी दुकानातल्यासारखा आलाय," म्हणाली. मी म्हणालो, "बस ना जरा." "नको. तू परत चिडशील." चिडलो नाय. घडी घालून दिला.

ती गेली आणि खुर्ची रिकामी झाली. तुमची चादर पडल्यासारखीच. ह्या वेळी ब्रश फेकला नाय. सगळ्या फुलांवरून पातळ रंग फिरवला, ती एकमेकांत मिसळून गेली. आठवत होती ती टोकाची गाठ. डोक्यामागं ओढून ओढून बांधल्यानं तिथला काठ विरलेला, आणि स्कार्फ काढला तरी ती गाठ कधी पुरती सोडायची नाय. तेवढी धागान् धागा काढली. आता तो स्कार्फ कुणीतरी आत्ताच तोंडावरून काढून टाकल्यासारखा दिसतो. ती त्यासाठी परत येणार नाय, ते मला कळतं. पण चित्र झालं, सर.

एकच सांगायचं राहिलं. स्कार्फ खुर्चीवर होता तेव्हा मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला. चित्र पुरं करताना एकदाही उघडला नाय. एरवी उघडतो.