कॅलमची होडी आणि तिचा साचा

लेडी बॅरन, फ्लिंडर्स बेट
१० मार्च

चि. मेरिन हिला अनेक आशीर्वाद.

जॉसची पाठ आता कशी आहे? चिमुकल्या एडाला दात आले का? सासूबाईंचा गुडघा? आणि तू बरी आहेस ना? फोन उचलत नाहीस, म्हणून कागदाला हात घातला. माझं ठीक आहे. कान तेवढे आपल्या मर्जीने चालतात. तुझी म्हातारी कुत्री अजून धक्क्यावर बसून पेलिकनांवर भुंकते.

२१ तारखेला विजेचे खांब बदलायचे म्हणून दिवसभर वीज बंद आहे. रेडिओच्या खोलीतली बॅटरी वीस मिनिटांची पाहुणी. आजवर तेवढ्यात भागलं, यंत्र अकरा वर्षं एकदाही निजलं नाही. आणि २७ला मटनबर्ड पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. व्हॉनी आत्याचं सगळं कुटुंब, पोराबाळांसकट, वाळूचा दांडा ओलांडून पलीकडच्या बेटावर जाणार. कुठली होडी केव्हा निघाली तर तळ लागणार नाही, हे तुझ्या यंत्राखेरीज सांगणारं कोणी नाही.

प्रत्येक होडीचा हिशेब ज्यावरून होतो तो साचा तू फाइलीत ठेवला नव्हतास, वहीत बघून थेट चालत्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे ओळ लिहिताच ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिला होतास. तुझ्या भावाला, आपल्या कॅलमला, त्या दांड्यानं नेलं, त्याच हिवाळ्यात. तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नंतर चाचपडत शिकलो. यंत्रात नवी होडी मागितली की इंटरप्रिटर आधी रिकामी जागा करतो, तिच्या गळ्यात साच्याची खूण बांधतो, मग साच्याला म्हणतो, आता हिला भर. आणि साचा म्हणजे निव्वळ कागदावरचं चित्र नव्हे, तोही आत जिवंत बसलेला असतो. त्याला धरून एक जरी कोणी असेल तोवर त्याला टाकून देत नाहीत.

जानेवारीत मी घोळ घातला. साच्याला जे नाव दिलेलं होतं, तेच भलत्या आकड्याला दिलं. साचा गेला. हंगामाशेवटी मी सगळ्या होड्या पुसतो, त्यामुळे धरायलाही कोणी नसेल, असं वाटून घाम फुटला. पण एक होडी होती. तू सगळ्यात आधी केलेली, कॅलमची. ती पुसायला माझा हात कधी धजावला नाही. तिला विचारलं, ‘तुझा साचा कोण?’ तिनं तो पुढे आणून उभा केला. साठीनंतर मी इतका कधी रडलो नव्हतो.

पण तो साचा होडी करून देतो, आपण कसा घडलो ते सांगत नाही. इंटरप्रिटरनं तुझी अक्षरं दळली आणि टाकून दिली. पिठातून गहू कसा काढू? त्यातले आकडे तू हिवाळाभर पाण्यात दोर सोडून, खोली मोजून काढलेले. वाळू सरकते तसा हिशेब कसा बदलतो, ते मला अजून उमगत नाही. वीज गेली की साचाही नाही आणि कॅलमची होडीही नाही.

काल व्हॉनी आत्या रेडिओवर म्हणाली, “एरल, अकरा वर्षं छाती फुगवून हिंडलास. दहा-बारा दिवसांत तोच साचा पुन्हा होत नाही होय रे? का म्हातारपणी लाडात आलास?”

मी म्हटलं, “बघतो.”

“बघतो काय? माझी नातवंडं आहेत त्या होडीत.”

मी रेडिओ बंद केला.

मेरिन, ‘वही कुठे आहे’ असं तू विचारशील. वही नाही. रेडिओच्या खोलीवर पाटी लागली त्या दिवशी, ‘हे काम एरल टॅन्सली यांचं’ असं वाचून तू तशीच विमानात बसलीस. त्या संध्याकाळी रागानं ती मी चुलीत घातली. राग तुझ्यावर नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मला ‘माझ्या लेकीचं’ म्हणता आलं असतं, आणि मी हसत उभा राहिलो.

आज पाटी काढायला गेलो होतो. स्क्रू गंजलेत, निघत नाहीत. व्हॉनी आत्याला उद्या जाऊन खरं सांगतो. त्यानं तिच्या होड्या सुखरूप जाणार नाहीत, एवढं मला कळतं.

तुला आठवेल तेवढं लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, खाली आकडे घाल. विमान मंगळवारी आणि शुक्रवारी येतं. दोन्ही दिवस धावपट्टीच्या कुंपणाशी उभा असेन. एकवीसच्या आत, पोरी. लवकर लिही.

तुझ्या कामावर स्वतःचं नाव मिरवलेला,
तुझा बाबा