चोर इनामदारच पाहिजे

किन्हीराजा,
३ मार्च १९७४

ती. जानरावमामांस गंगूचा सविनय जयभीम. इकडे सर्व ठीक. आईचा खोकला कमी आहे (खरे सांगायचे तर थोडाच कमी आहे). तुमच्या दाढेची चौकशी तिने तीनदा लिहायला सांगितली, मी एकदाच लिहिते.

ज्या डिटेक्टिव्ह कादंबरीवर तुम्ही मला घरी अक्षरे जुळवायला शिकवलीत, ती सध्या दुपारी तुरी निवडताना मी सगळ्यांना वाचून दाखवते. लहानपणी ती मला पाठ होती. आता लक्षात आले, की इनामदारीणबाईंचा हार हरवताच तो हुशार गुप्तहेर आधी मोलकरणीची जात विचारतो, मग तांड्यावर जातो, आणि शेवटी चोर तांड्याचाच निघतो, कारण ‘चोरी त्याच्या रक्तातच होती’. हे वाक्य आठव्या वर्षी मी न अडखळता वाचले, म्हणून तुम्ही मला गुळाचा खडा दिला होता. समोर तांड्यावरच्या तुळसाबाई सूप घेऊन बसलेल्या. मी घाबरून चोर बदलला. हाताशी दुसरे कोणी नव्हते, म्हणून खुद्द इनामदारांनाच केले.

शेजारचे देवमनकाका लगेच म्हणाले, “आपलाच हार थो काहून चोरन?” मला तुळसाबाईंनीच सोडवले, “बायकोच्या गळ्यातला काढून दुसरीले द्याचा असन. येवढं बी समजत नाही काय तुमाले?” सगळ्या बायकांना पटले. तेव्हापासून इनामदारांविरुद्ध रोज नवा पुरावा सापडतो, जो पुस्तकात कुठेच नाही. खोटे वाचते म्हणून मला जेवण जात नाही. त्यात आईने जाहीर केले, की येत्या रविवारी मामा येतील, शेवटचे प्रकरण तेच वाचतील.

तुमची भाची,
गंगू

ता. क. – शेवटची आठ पाने मी नव्याने लिहून जुन्यांवर खळीने चिकटवली आहेत. पुस्तक तुमचे, आधी विचारायला हवे होते. ते आता विचारते. कृपया तीच वाचावीत.

आणखी एक – पत्र टाकायला निघाले तर वाटेत तुळसाबाई. “पोरी, पुस्तकातला चोर आमच्या तांड्याचा हाय न?” मला खोटे बोलवेना. “मले पह्यल्याच दिवशी समजलं. वाचता वाचता तांडा आला का तुले खोकला येते. मी म्हनलं, मायचा खोकला पोरीले लागला.” पुढे म्हणाल्या, “पन मामाले सांग, इनामदार सुटला नाही पायजे. अन् त्याची बायको माहेरी गेली का नाही, थे मले आयकाचं हाय.”

तेव्हा वरची विनंती आता माझी नव्हे, त्यांची समजावी. आठ पानांत मी इनामदारीणबाईंना विसरलेच. त्यांना माहेरी कसे पोचवायचे, ते तुम्ही वाचता वाचता पाहावे.