दगडातल्या जनावराला विभूती

ती. काशम्माक्का, धाकट्या भनीचा शरणार्थी, नमस्कार.

पयली आली ती शेजारची दानेश्वरी, साखर मागायचं निमित्त काढून. जीप तिनंच आदी बगितली की! जीपमधनं उतरली माजी नात, आपली सिद्धेश्वरी, संगं तिच्या हापिसातले दोन साहेब. तूच न्हाय का माज्या शिवपुत्राला म्हणलीस, "आपण लिंगायत मेलेली माणसं पुरतो, आन् तुजी लेक पुरलेलं उकरती"? तवापासनं तो लेकीशी बोलत नव्हता.

चांद्याकडच्या खडकात तिला एक जनावर घावलंय, डायनोसॉरच्या बी लई आदीचं. असलं आदी कुणालाच घावलं नव्हतं म्हणं. तसंच्या तसं प्लॅस्टरचं करून शाळेत दाखवायला आणलेलं. मांजराएवढं गं, बिळात अंग गोळा करून निजल्यागत.

मला राहवंना. मातीत निजलेल्याला विभूतीबिगर कसं ठेवायचं? देव्हाऱ्यातली आणून त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. साहेब "अहो, अहो" करत उठले. सिद्धू हसली, "अज्जी, हे नुसतं प्लॅस्टर हाय. खरं तिकडं ठेवलंय."

"मग? फोटोला न्हाय का लावत आपण?"

शिवपुत्र तवर पाठ करून बसलेला. उठून आला, वाकून कपाळावरची विभूती बगितली. मग लेकीला विचारलं, "खऱ्याला कुणी लावली का?"

"न्हाय की, अप्पा."

"मग मी येतो लावायला."

पोरगी चहा सोडून न्हाणीत तोंड धुवायला गेली.

हे पत्र मी टाकणार न्हाय. तू परत त्याचे कान भरशील. सिद्धू आन् साहेब बेस्तरवारी येणार हाईत, शिवपुत्राला चांद्याला न्यायला.

तुजी,
नीलव्वा, वळसंग