एकाच अंगानं सुकणारी वेल

आबा, मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरनं आईला विचारलं, "रक्त एकाच नाकपुडीतून येतं की दोन्हींतून?" तिथं सगळं फिरलं. आई म्हणाली, "रक्त नाय हो ते, पान खातात." डॉक्टरनं तुमचा लाल डागांचा पंचा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण ती नजर काही माझी पाठ सोडत नाही.

आज लिहायला बसलो तो रागानं. काल काका, तुमचा धाकटा भाऊ, ओटीवर पाय पसरून बसला होता. दोन महिने त्याची उजवी नाकपुडी बंद आहे, सकाळी उशीवर लाल डाग असतो, आणि हा हसत सांगतोय, "तुझ्या बापाला होता तसाच नाकातला कोंब रे. आपल्या घराण्याचं नाकच तसलं. तारेनं काढला की झालं." तुझ्या बापाला होता तसाच! माझं डोकंच फिरलं. ओरडलो तर वर मलाच म्हणतो, "कॉलेज अर्ध्यावर सोडून पानांच्या वाडीत बसलास आणि आता डाक्टर झालास काय?"

डॉक्टर नाही झालो. पण तुमच्या नाकापायी जे शिकलो ते कुठल्या कॉलेजात शिकवलं नसतं. पहिल्या खेपेला तुम्हाला झालं होतं ते खरंच साधं होतं. मी आठवीत होतो, तुमच्याबरोबर गावातल्या दवाखान्यात आलो होतो. दोन्ही नाकपुड्या बंद, दुखत नाही, रक्त नाही, फक्त वास गेलेला. डॉक्टरांनी तारेच्या फासानं ते कोंब ओढून काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, लिबलिबीत. तुम्ही नाकात बोळे घालून हसताय, "एवढी फळं धरली होती नाकात! आणि मला वाटे, औंदा मोगऱ्यालाच वास नाय." दोन वर्षांनी ते पुन्हा आले, पुन्हा काढले. त्यातून तुम्ही, काकानं आणि अख्ख्या होळी गावानं एक शहाणपण गाठीला बांधलं: नाकातला कोंब येतो आणि जातो, त्यानं माणूस मरत नाही.

तिसऱ्यांदा तो एकट्या डाव्या बाजूला आला. त्याला घाण वास होता, तो तुम्हाला सोडून सगळ्यांना येई. डावा गाल बधिर झाला. वरची दाढ हलायला लागली, ती तुम्ही चिमटीनं उपटून केळीच्या बुंध्यात टाकलीत. डोळ्याला पाणी सुटलं. आणि दवाखान्यात काय बोलणं झालं? "मागचंच ना?" "मागचंच." संपलं! त्या माणसानं नाकात बॅटरी मारून बघू नये? दाढेची गोष्ट विचारू नये? आणि तुम्ही तरी सांगू नये? दोन शहाणी माणसं, मध्ये एक शब्द, आणि हातात थेंबांची बाटली घेऊन तुम्ही घरी.

मला त्याहून चीड येते ती याची, की तुम्हाला हे कळत होतं. पानवेलींत तुम्हीच मला शिकवलंत. दहा-अकरा वर्षांचा असेन, पानांवरचे ठिपके बघून मी घाबरलो होतो. तुम्ही वेल हातात धरून म्हणालात, "सगळीकडे सारखे डाग असले तर ती हवा. पालटली की जातील. पण वेल एकाच अंगानं सुकायला लागली ना, तर पान बघत बसू नको. मूळ उकर." आबा, वेलीला लावलेला नियम स्वतःच्या नाकाला लावायला काय झालं होतं? मुंबईच्या डॉक्टरनं व्हरांड्यात मला जवळजवळ तेच सांगितलं. एका बाजूचं म्हणजे कॅन्सरच असं नाही, म्हणाला, पण एका बाजूला असेल, रक्त येत असेल, तर तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याला साधं म्हणायचं नाही. वरून साधं काय, कॅन्सर काय, दोन्ही कोंबच दिसतात. मग त्यानं फोटो दाखवला. डाव्या गालाचं हाड जिथं पांढरं दिसायला हवं तिथं काहीच नव्हतं.

ते सगळे महिने मी तुमच्याशी बोलत नव्हतो. पाचूबंदरच्या त्या कोळ्याच्या मुलीपायी. तुमच्या कानावर गेलं त्या दुपारी तुम्ही जेवण टाकून उठलात. "कॉलेजात हेच शिकायला धाडलं काय तुला?" मी म्हणालो, "मग उद्यापासून जातच नाय." आणि गेलो नाही. एवढंच करून थांबलो असतो तर बरं. पण तुमचा आवाज तेव्हा नाकातून यायचा, त्याची मी तुमच्या तोंडावर नक्कल केली. तुम्ही पंचा तोंडाला लावलात आणि वाडीत निघून गेलात. त्यानंतर तुम्ही नाकाबद्दल घरात अवाक्षर काढलं नाहीत. ती मुलगी मला विचारायची, "आमची मासळी तुम्हाला चालते, तुमची पानं आम्हाला चालतात, मग मीच का नाय चालत?" तिला उत्तर द्यायचं म्हणून मी तुमच्यावरचा राग दररोज नवा करायचो. शेवटी तीही बंदरावरच्याच घरात दिली गेली. अजून मासळीच्या लिलावात तिचा आवाज सगळ्यांत मोठा असतो, आणि अजून मी तिकडून सायकल हळू नेतो.

काकाला आज मुंबईला नेतोय. चार शिव्या घालून कबूल करून घेतलंय. साधंच निघालं तर मला आयुष्यभर चिडवू दे. पण तुकडा तपासल्याशिवाय "साधं" हा शब्द मी या घरात कुणाला उच्चारू देणार नाही. आई आत डबा भरतेय. काका अंगणात बोंबलतोय, "अरे चल की डाक्टरसाहेब!"

एक राहिलं. ते आईला अजून सांगितलेलं नाही. पहिल्या खुडणीतली तीन पानं पुसून तुमच्या पानाच्या डब्यात ठेवायची, मग बाकीची विकायची, हे आपल्या घरातलं माझं काम. अबोला होता तरी ते मी मोडलं नाही. त्या महिन्यांत रोज सकाळी डबा उघडला की कालची तिन्ही पानं तशीच, पिवळी पडलेली. सुपारीला अडकित्ता लागलेला नाही. मला वाटायचं, माझ्या हातचं पान तुम्हाला नको झालंय. मी जुनी फेकायचो, नवी ठेवायचो, आणि मनात म्हणायचो, नका खाऊ. तुम्हाला चावता येत नसेल हे डोक्यातच आलं नाही. एक दिवस पंचा धुताना आईनं विचारलं, "हल्ली पान फार खातात का रे हे? डाग निघत नाय." तुमचं पान बंद आहे हे घरात एकट्या मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "खात असतील."

हा कागद तुमच्या रिकाम्या डब्यात ठेवतोय. काकानं पुन्हा हाक मारली. मी निघतो, दार ओढून घेतो.