जनरलचं डोकं

११ जानेवारी १९०४
सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं! तशीच धावत आत गेले. शेगडी विझत आली होती. ओल्या फडक्यांखाली हात घालून जनरलला चाचपलं – माती अजून मऊ. वाचले. माती एकदा गोठली की भसाभस ढासळते, आणि माझं सात महिन्यांचं काम मातीतच जायचं.

परवा स्मारक समिती बघायला येणार. एवढा मोठा पुतळा मला पहिल्यांदाच मिळालाय. आजवर नुसते अर्धपुतळे आणि थडग्यांवरचे देवदूत केले.

१३ जानेवारी
आले, बघितलं, हसले!

जनरल थॉर्नडाइक पंधरा फुटी चबुतऱ्यावर उभा राहणार. एवढ्या उंचीवर डोकं खालून बारकं दिसतं, म्हणून मी ते मुद्दाम थोरलं केलंय. हे मी तीनदा सांगितलं. पण समितीचे अध्यक्ष जज्ज क्रँडल शिडीवर चढून नाकाला नाक लावून बघत होते. तिथून दुसरं काय दिसणार?

"मिस स्ट्राउड, आमचा जनरल होता, भोपळा नव्हता."

बाकीचे खोखो हसले. मी फडकी पिळत राहिले. तोंड उघडलं असतं तर काम त्याच मिनिटाला गेलं असतं.

१४ जानेवारी
जज्जसाहेबांचा निरोप – डोकं लहान करा, नाहीतर काम शिकागोच्या कारागिराला देऊ. शेवटचा शब्द जनरलच्या विधवेचा. ती सोमवारी येणार.

साचा घ्यायला येणारा गाएतानो म्हणाला, छाटून टाका बाई, वर कोण चढून मोजणार आहे? त्याचंही पोट ह्यावरच आहे. पण खालून बघणाऱ्याला तो जनरल टाचणीसारखा दिसेल, आणि खाली नाव माझं! माती कापायची तार हातात घेतली, जनरलच्या कानापर्यंत नेली, ठेवून दिली. मला भीती वाटतेय. फार.

१६ जानेवारी
थंडी. शेगडीपाशीच बसून आहे. जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी
मिसेस थॉर्नडाइक आल्या. सत्तरीच्या, काळ्या कपड्यांत, ताठ. जज्जसाहेब कोपर धरून शिडीकडे न्यायला लागले. मी आडवी आले. म्हटलं, मॅडम, शिडीवरून नको. खालून बघा, अगदी जमिनीवरून.

"या वयात?" जज्जसाहेब ओरडले.

बाईंनी हातमोजे काढून त्यांच्याच हातात दिले. माझी शाल पसरली आणि सरळ जनरलच्या पायांशी आडव्या झाल्या! शेगडीत कोळसा तडतडत होता. बाई बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "डोकं बरोबर आहे. चाळीस वर्षं मी त्याला इथूनच पाहिलंय."

त्यांच्या आवाजात माया नव्हती. जज्जसाहेब हातमोज्यांकडे बघत बसले. मी बाईंना हात देऊन उठवलं, तेव्हा त्यांनी माझी बोटं गच्च धरली. मंजुरी मिळाली. मी जिंकले! गाएतानो गुरुवारी साचा घेणार.

१९ जानेवारी
आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपले. शेगडीचीही आठवण झाली नाही. जनरल ठीक आहे.

२० जानेवारी
दारात जज्जसाहेब, टोपी हातात. मिसेस थॉर्नडाइकनी चबुतरा रद्द केलाय. जनरल चौकातल्या गवतावर उभा राहणार, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बरोबरीनं. बाई म्हणाल्यात, "आता मान वर करणार नाही. मीही नाही, नि दुसरंही कुणी नाही."

"तुम्ही तरी समजवा त्यांना," ते म्हणाले. "तुमचंच काम वाया जाईल. ते डोकं खाली कसं दिसेल, सांगा ना!"

"भोपळ्यासारखं," मी म्हटलं.

ते गेल्यावर गाएतानोला निरोप धाडला – गुरुवारी येऊ नकोस. शेगडीत कोळसा घातला, फडकी सोडली, तार घेतली. डोकं लहान करतेय.